चौदा मार्चची शारकान

सारी-चाट गावात चाळिशीच्या आतला असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याला शारकान एजेने अक्षरं गिरवायला लावली नाहीत. एजे म्हणजे ताई, शिक्षिकेलाही तिकडे तीच हाक. एकतीस वर्षं ती गावच्या शाळेत प्राथमिकचे वर्ग घेत होती. पहिलीला मूल हातात यायचं, चौथीला सुटायचं, आणि मग पुन्हा नवी पहिली. उंचीने बाई इतकी लहान, की फळ्याच्या वरच्या कडेला हात पोचावा म्हणून तिने पायाखाली एक लाकडी पाट ठेवला होता. चौथीतली दांडगी मुलं तिच्याहून उंच असायची, पण तिने नुसतं वळून पाहिलं की वर्ग चिडीचूप.

सगळे विषय तीच शिकवायची, पण जीव होता तो मायदेश-ओळख या विषयावर. झेंडा, राष्ट्रगीत, गाव, घर, हक्क, कर्तव्यं. इतर शिक्षक तो तास गणिताला वापरून टाकायचे. शारकान उलट गणिताचा तास इकडे ओढायची. आणि ती हे नुसतं शिकवत नव्हती. गावात बिनकागदाची मुलं पुष्कळ. कोण कुरणावर जन्मलेलं, कोणाचे आईबाप मॉस्कोला कामाला गेलेले आणि मूल आजीपाशी टाकलेलं. अशा अकरा मुलांना तिने जन्मदाखले मिळवून दिले. आजीला मिनीबसमध्ये बसवायचं, जिल्ह्याच्या गावी न्यायचं आणि काम होईपर्यंत कचेरीतल्या बाकावरून हलायचं नाही, ही तिची रीत. एखादी आजी कुरकुरली की म्हणायची, "आजी, हे पोर तुमच्या डोळ्यांना दिसतं. सरकारला दिसत नाही. त्याला दिसतं करायला चाललोय आपण."

दोन हजार बावीसच्या शरदात जिल्ह्याला शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी शारकानच्या धाकट्या लेकाएवढी असेल. ती म्हणाली, पाठांतराने नागरिक होत नाही. मुलाला स्वतःपासून सुरुवात करू द्या. शारकानने आधी नाक मुरडलं. मग परतताना मिनीबसमध्ये विचार करत राहिली आणि सोमवारी दुसरीच्या वर्गाला तिने नव्या तऱ्हेचा गृहपाठ दिला. घरी जाऊन मोठ्यांना चार गोष्टी विचारायच्या. मी कुठे जन्मलो, कोणत्या दिवशी, जवळ कोण होतं, आणि माझा कागद कोणी आणला.

पुढच्या बाकावर पेरिझात नावाची मुलगी बसायची. प्रश्न विचारल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"एजे, तुम्ही कोणाला विचारणार?"

"मला काय विचारायचंय? मला माहितेय. चौदा मार्च एकोणीसशे सहासष्ट."

"मलाही माहितेय की. बारा जून. तरी विचारायला सांगितलंत ना."

वर्ग खिदळला. शारकानलाही हसू आवरलं नाही. "बरं बाई. मीही विचारते. आता खूश?"

विचारायचं तरी कोणाला? वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, आई जाऊन नऊ. तिच्या जन्माच्या वेळचं जिवंत माणूस एकच उरलं होतं. वडिलांची बहीण, बुबुसारा आत्या. वय चौऱ्याऐंशी. खालच्या आळीत नातवाच्या घरी राहायची. कानाने जरा कमी, पण हात आणि जीभ दोन्ही शाबूत.

शनिवारी दुपारी शारकान कणकेचे ताजे बोर्सोक तळून रुमालात बांधून तिच्याकडे गेली. आत्या खिडकीशी उन्हात बसून लोकर विंचरत होती. दोन दातेरी फळ्या एकमेकींवर घासल्याचा खर्र-खर्र आवाज खोलीभर चालला होता. नातसून चहाची किटली ठेवून गेली.

"आत्या, शाळेचं काम घेऊन आलेय," शारकान मोठ्याने म्हणाली. "मी जन्मले तेव्हा तू जवळ होतीस?"

"नसून कुठे जाणार? नाळ मीच कापली. बाहेर एवढं बर्फ, की दार उघडेना. तुझा बाप फावडं घेऊन खिडकीतून बाहेर पडला. अर्धा अडकला होता मेला. तुझी आई कळा द्यायची सोडून हसायला लागली."

शारकान वहीत लिहीत होती. "मार्चमध्ये एवढं बर्फ?"

"मार्च कुठला? ऐन जानेवारी. मेंढ्यांच्या हिवाळी गोठ्यावर होतो. मार्च तर तिचा."

"तिचा म्हणजे?"

"शारकानचा."

फळ्यांची खर्र-खर्र चालूच होती. शारकानला वाटलं, म्हातारीची गल्लत झाली. ती हसून म्हणाली, "आत्या, शारकान मीच ना गं."

तेव्हा फळ्या थांबल्या. आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत वेंधळेपणा नव्हता, भीती होती. हातून काही तरी पडून फुटल्यावर असते तशी.

"तुझी आई बोलली नाही तुला?"

"काय बोलायचं होतं?"

"काही नाही. मी म्हातारी झाले. काहीबाही बरळते. चहा घे, गार होतोय."

"आत्या."

"मरताना तरी सांगेल म्हटलं होतं मी," आत्या लोकरीकडे बघत म्हणाली. "मला म्हणाली होती, सांगेन. खोटारडी."

मग तिने सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबली नाही, जणू इतकी वर्षं तिलाही ते ओझं झालं होतं. शारकानच्या आईला सहासष्टच्या मार्चमध्ये मुलगी झाली. तिचं नाव शारकान. कोलखोझच्या, म्हणजे सामुदायिक शेताच्या, मेंढ्या घेऊन माणसं मे महिन्यात ओर्तो-सिर्तच्या कुरणावर गेली, तान्ही मुलगी बरोबर होती. हिरव्या पुठ्ठ्याचा तिचा दाखला आईने उशीच्या अभ्र्यात शिवून नेला होता. ऑगस्टमध्ये मुलीला ताप आला. बाप घोड्यावरून औषधाला निघाला, पण वर गारांचा पाऊस झालेला, नदी फुगलेली. तो अलीकडच्या काठावर दीड दिवस बसून राहिला. परत आला तेव्हा पोर गेली होती.

"पाच महिन्यांची," आत्या म्हणाली. "हसायला लागली होती नुकती. मीच धुतलं तिला. तुझ्या बापाने आणि आणखी दोघांनी पुरलं."

"आणि कागद?" शारकानने विचारलं. एकतीस वर्षांच्या सवयीने तिने तोच प्रश्न विचारला, जो ती प्रत्येक आजीला विचारत आली होती.

"तुझा बाप म्हणाला, खाली गेलो की गावकचेरीत कळवायला हवं. तुझी आई अभ्रा छातीशी धरून बसली. म्हणाली, कागदावर ती जिवंत आहे, तिथे हात लावशील तर बघ. तो गप्प झाला. मग दीड वर्षाने तू आलीस. अडुसष्टचा जानेवारी. आजोबांनी तुझ्या कानात नाव सांगितलं, तुर्दुकान. ही तरी राहिली म्हणून तुर्दुकान. तुला घरात तुर्दू म्हणायचे ते काय लाडाने? तुझी आई कधी कोणाला लाडाने काही म्हणाली होती का?"

"मला वाटायचं, टोपणनाव आहे."

"टोपणनाव ते दुसरं. सत्तर साली शिरगणतीवाला आला. मुलं किती म्हणाला. तुझ्या आईने तो हिरवा कागद पुढे टाकला आणि तुला मांडीवर घेतलं. तो म्हणतो, चार वर्षांची होत आली आणि एवढीशी कशी? ही म्हणते, कमी खाते. लिहिलं त्याने. त्या दिवसापासून तू शारकान."

शारकान उठली. रुमाल तिथेच राहिला, वहीही. आत्या मागून काही म्हणत होती, ते तिला ऐकू आलं नाही. दारात बूट घालताना कुठला बूट कुठल्या पायाचा हे तिला क्षणभर कळेना. ती एक पाय उचलून तशीच उभी राहिली, तेव्हा नातसुनेने वाकून बूट घालून दिला.

खालच्या आळीतून वरच्या आळीत यायला वीस मिनिटं लागतात. तिला किती लागली कोण जाणे. वाटेत दोघांनी सलाम केला, तिने उत्तर दिलं नाही, आणि एजे आजारी दिसतात अशी गावभर बातमी झाली. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपोआप जागा बदलत होती. पहिलीत तिला बाकावरून फळा दिसायचा नाही. वर्षभर अक्षर ओळखता आलं नाही म्हणून गुरुजी तिला मठ्ठ म्हणायचे. ती मठ्ठ नव्हती. सात वर्षांच्या मुलांत बसवलेलं ते साडेपाच वर्षांचं पोर होतं. सगळ्या मैत्रिणी वयात आल्या आणि ती राहिली, तेव्हा आईने तिला डॉक्टरकडे न्यायला ठाम नकार दिला होता. आणि दर चौदा मार्चला आई सकाळीच गोठ्यात जायची ती दुपारपर्यंत यायची नाही. वाढदिवसाला आईच्या हातचा गरम घास कधी मिळाला नाही म्हणून शारकानने मनात किती वर्षं अढी धरली होती.

नवरा जोल्चू अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा झाला होता. तो गावातला ट्रॅक्टरवाला, थट्टेखोर माणूस. बायकोला तो मास्तरीणबाई म्हणायचा. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. वर्गात धडा सांगावा तसं, क्रमाने, एकही शब्द न गाळता.

जोल्चू ऐकत राहिला. त्याला काय बोलावं सुचलं नाही की तो थट्टा करायचा. तसंच केलं. "म्हणजे मास्तरीणबाई, इतकी वर्षं मी भलत्याच बाईबरोबर संसार केला म्हणायचा."

तिने ताटातून नजर वर केली नाही. जोल्चूने पाहिलं, तिच्या हातात नानचा तुकडा होता आणि ती तो नुसता कुस्करत होती. चटईवर चुऱ्याचा ढीग झाला होता. नानचा कण सांडू न देणारी बाई ती. त्याने तो चुरा मुकाट्याने तळहातावर गोळा केला.

"दोन वर्षं इकडची तिकडे, एवढंच ना," तो हळूच म्हणाला. "तू तीच आहेस."

"कोण ती?" तिने विचारलं. भांडायला नाही. तिला खरंच हवं होतं उत्तर.

सोमवारी मुलं गृहपाठ घेऊन आली. कोणी टॅक्सीत जन्मलं होतं. कोणाच्या आईला कळा सुरू झाल्या तेव्हा बाप शेजाऱ्याच्या लग्नात नाचत होता. मुलं वाचत होती, हसत होती, आणि शारकान खिडकीपाशी उभी होती. शेवटी पेरिझात उठली.

"एजे, तुमचं?"

"माझं झालं नाही अजून," शारकान म्हणाली.

"विचारलंत का पण?"

"विचारलं."

"मग?"

 शारकान वर्गाबाहेर गेली आणि तास संपेपर्यंत परत आली नाही. शिपाईणबाईने नंतर सांगितलं, एजे नळापाशी उभ्या होत्या, नळ बंद होता. दुपारी पगाराच्या यादीवर सही करताना तिने श लिहिला आणि हात थांबला. मुख्याध्यापिका झामालबाई तिच्या बरोबरीची, एकाच वर्षी नोकरीला लागलेली. तिने पेन चालत नाही असं समजून दुसरं पेन दिलं.

नोव्हेंबरच्या सुट्टीत शारकान एकटी जिल्ह्याच्या गावी गेली. कचेरीतलं तेच बाक. खिडकीमागे बसणारी गुल्झिना तिचीच जुनी विद्यार्थिनी. एजेला पाहून ती उठूनच उभी राहिली.

"बसा एजे. आज कोणाचा दाखला? आजी कुठेय?"

"आजी नाही. माझंच आहे."

गुल्झिनाने आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, ऐकून घेतलं. मधे एकदाच तिने आपल्या तोंडावर हात ठेवला. मग संगणकात पाहिलं. तुर्दुकान, अडुसष्ट, वडिलांचं नाव, गाव. पुन्हा पाहिलं.

"या नावाचं कोणी नाही, एजे. कधी नव्हतंच."

"आणि शारकान?"

"शारकान आहे. जिवंत. माझ्यासमोर बसलीय."

शारकानने जुनं रजिस्टर मागितलं. नियमात बसत नव्हतं, पण गुल्झिनाने तळघरातून सहासष्टचं रजिस्टर आणलं. निळ्या शाईची नोंद होती. मुलगी, शारकान, चौदा मार्च. खाली वडिलांची सही. वडिलांना लिहिता येत होतं ते जेमतेम, आणि प्रत्येक अक्षर जोर देऊन उमटवलं होतं. शारकानने त्या सहीवर बोट ठेवलं. हा कागद करायला बाप घोड्यावरून एवढ्या दूर आला होता तो दुसरीसाठी. तिच्यासाठी कोणी कुठे आलं नव्हतं. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पाच महिन्यांच्या तान्ह्या मुलीचा हेवा.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तिचा मृत्यू आता नोंदवता येईल?"

गुल्झिनाने खुर्ची जवळ ओढली. "एजे, तिचा मृत्यू नोंदवला तर तुम्ही मराल. पदविका तिची, लग्नाचा दाखला तिचा, मुलांच्या दाखल्यांवर आई म्हणून ती. एकतीस वर्षांची नोकरी तिची. आधी कोर्टात जाऊन तुम्ही कोणी तरी आहात हे सिद्ध करायचं, मग एकेक कागद फिरवायचा. साक्षीदार एक, तीही चौऱ्याऐंशीची. तुमची मुलंसुद्धा कचेऱ्यांचे उंबरे झिजवतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हीच मला शिकवलंत ना, खरं बोलायचं. पण मी हात जोडते, हे आतल्या आत राहू द्या."

"अकरा पोरं आणली मी तुझ्याकडे," शारकान म्हणाली.

"हो. आणलीत."

"आणि मीच नाही."

गुल्झिनाला रडू फुटलं. शारकान रडली नाही. तिला अजून रडण्याइतकं ते आपलं वाटत नव्हतं. तिने मुलीच्या पाठीवर हात फिरवला, रजिस्टर मिटलं आणि मिनीबसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. दोन मिनीबस समोरून निघून गेल्या, तिच्या ध्यानात आलं नाही.

हिवाळा तसाच गेला. ती शिकवायची, खायची, झोपायची. पण मायदेश-ओळखीचा तास आला की पुस्तक उघडून मुलांना वाचायला सांगायची आणि स्वतः गप्प बसायची. 'प्रत्येक मुलाला जन्मतःच नावाचा हक्क आहे' हे वाक्य कोणी तरी वाचलं की तिला दर वेळी मागून कोणी हाक मारल्यासारखं दचकायला व्हायचं. आत्याकडे ती हिवाळाभर फिरकली नाही. आत्याने नातसुनेबरोबर रुमाल धुऊन, इस्त्री करून परत पाठवला, आत मूठभर कुरुत, सुक्या दह्याचे गोळे, बांधून. शारकानने कुरुत खाल्ले नाहीत आणि टाकलेही नाहीत.

एप्रिलमध्ये एका तासाला पेरिझातने पुस्तक मिटलं.

"एजे, तुमचा गृहपाठ राहिलाय. सहा महिने झाले. आमचा राहिला असता तर?"

वर्गातली मुलं घाबरून तिच्याकडे बघायला लागली. शारकान पाटावरून खाली उतरली आणि पहिल्या बाकाच्या कडेला टेकली. तिने ठरवलं नव्हतं, पण सांगायला लागली. कुरण सांगितलं, नदी सांगितली, उशीचा अभ्रा, शिरगणतीवाला. 'कमी खाते' ऐकून मुलं हसली आणि पटकन गप्प झाली. तिने काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणून माझ्या कागदावर जे लिहिलंय ते माझं नाही. आणि हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं."

 मग पेरिझातने विचारलं, "त्या बाळाचं काय मग? तिचा कागद तुमच्याकडे, तर तिच्याकडे काय आहे?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न शारकानला सुचला नव्हता. आपलं काय नाही, एवढंच ती मोजत बसली होती.

"तिच्याकडे काही नाही," ती म्हणाली, आणि तिथेच, मुलांसमोर, तिला हुंदका आला. पहिल्यांदाच.

संध्याकाळी ती आत्याच्या दारात उभी राहिली. आत्याने वर पाहिलं. "आलीस? म्हटलं आता मी मेल्यावरच येतेस."

"कुठे पुरलंय तिला?"

"बर्फ वितळू दे. दाखवते."

जूनमध्ये जोल्चूने शेजाऱ्याची जीप मागून घेतली. आत्याला पुढे बसवलं, पाठीला उशा लावल्या. ओर्तो-सिर्त घाटापलीकडे, म्हातारी सव्वीस वर्षांनी तिथे चालली होती. वाटभर ती जोल्चूला शिव्या घालत होती. "खड्ड्यांची मोजदाद करतोयस का, एकही सोडत नाहीस." जोल्चू म्हणत होता, "आत्या, खड्डे सरकारी आहेत, मी फक्त भेट देतोय."

वर पोचल्यावर मात्र तिची जीभ थांबली. एक झरा होता, तो तिने ओळखला. त्याच्या वर दोन मोठे दगड असायला हवे होते, त्यांच्या मधोमध ती जागा. दगड एकच होता. दुसरा ओढ्याने नेला असेल, नाही तर कोणी गोठ्याला उचलला असेल. आत्या काठी टेकत इकडून तिकडे गेली, पुन्हा परत आली. गवत सगळीकडे सारखंच होतं. कोणाच्या तरी मेंढ्या चरत होत्या.

"इथे," ती म्हणाली. मग दहा पावलं पुढे जाऊन, "नाही गं. इथे असेल." मग ती मटकन खाली बसली. "सापडत नाही मला. मीच धुतलं होतं तिला आणि मला सापडत नाही."

 एवढं तरी मिळेल असं शारकान धरून चालली होती. ती आत्याशेजारी बसली, तिचे हात तिने आपल्या हातांत घेतले. जोल्चूने जीपमधून गोवऱ्या उतरवल्या, चूल मांडली. मृतांसाठी तळतात तशा सात पोळ्या शारकानने तेलात तळल्या, तळणाचा वास वाऱ्यावर गेला. जोल्चूने जेवढं येत होतं तेवढं कुराण म्हटलं. शेवटी नाव घ्यायचं असतं, तिथे तो अडखळला आणि बायकोकडे पाहिलं.

"घ्या," ती म्हणाली.

"शारकान," जोल्चू म्हणाला.

इतक्या वर्षांत ते नाव तिने कोणा दुसऱ्यासाठी ऐकलं नव्हतं. तळहात तोंडावरून फिरवताना ते ओले झाले. मेंढ्यांमागे असलेला मेंढपाळ विचारायला आला, कोणाचं स्मरण आहे. आत्या म्हणाली, "माझ्या भाचीचं. लहान होती." त्याने एक पोळी घेतली, फातिहा म्हटली आणि गेला.

शारकान कोर्टात गेली नाही. मुलांना उंबरे झिजवायला लावायचे नाहीत, एवढं ती आणि जोल्चू दोघांनी मिळून ठरवलं. मात्र तिने त्याला एक सांगितलं. घरात मला शारकान म्हणायचं नाही. जोल्चू म्हणाला, मी कधी म्हणत होतो, मास्तरीणबाई? तरीही नंतर तो तुर्दू म्हणायला शिकला. आधी चाचरत, मग सहज. आत्या त्या वर्षीच्या डिसेंबरात गेली. तिच्या कबरीच्या दगडावर नातवाने दोन्ही तारखा नीट कोरून घेतल्या. तारखा बरोबर आहेत का हे शारकानने त्याच्याकडून तीनदा तपासून घेतलं होतं.

चौदा मार्च दोन हजार चोवीसला कागदावर तिची अठ्ठावन्न पूर्ण झाली. शाळेने केक आणला, झामालबाईने फुलं आणि निवृत्तीचा अर्ज टेबलावर ठेवला. "सही कर आणि सुट एकदाची. तुझ्यापाठोपाठ मीही सुटते."

"मी जानेवारी सव्वीसला करीन," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? अठ्ठावन्न झाली ना तुझी?"

"माझी नाही झाली."

झामालबाईला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. दुसरीतल्या मुलांनी घरोघरी सांगितलं होतं आणि गावात त्याची कुजबुज वर्षभर चालू होती. पण तोंडावर कोणी काढलं नव्हतं. आता तिने अर्ज खणात टाकला आणि केक कापायला सुरी शोधू लागली. तुर्दुकानने फुलं उचलली, खिडकीतल्या बरणीत पाणी घालून त्यात ठेवली, आणि घंटा झाली तशी तिसरीच्या वर्गावर गेली.